‘पूरक’ या विशेषणाची व्याप्ती

श्वानमादीच्या स्तनकर्करोगासंबंधी सामान्य वाचकांसाठी जे लेखन होते, त्यात ‘पूरक उपचार’ हा शब्दप्रयोग हळद, अळंबीचा अर्क, होमिओपॅथी, अॅक्युपंक्चर अशा परस्परभिन्न गोष्टींना सरसकट लावलेला आढळतो. त्याचे परीक्षण अगत्याचे आहे; कारण येथे शब्दाच्या शैथिल्याचे मोल एका मुक्या जिवाला द्यावे लागते.

‘पूरक’ हे विशेषण स्वभावतःच साकांक्ष आहे. ‘पूरक वाचन’ म्हटले की नेमलेले पाठ्यपुस्तक गृहीत असते. प्रस्तुत रोगात हे मूळ स्थान मुख्यतः शस्त्रक्रियेचे होय. अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या घातक निघतात, आणि काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षेवाचून तिचे स्वरूप निश्चित होत नाही. परंतु ‘कशाला पूरक?’ या प्रश्नाचे उत्तर देणारे चतुर्थ्यन्त पद वाक्यातून गळते, आणि विशेषण नकळत ‘पर्यायी’ या अर्थाने वावरू लागते. अमेरिकेतील शासकीय केंद्राच्या १९९८ च्या नावात ‘पूरक’ व ‘पर्यायी’ ही दोन्ही पदे होती. २०१४ मध्ये ‘पर्यायी’ जाऊन ‘एकात्मिक’ आले. नामांतराने प्रमाण मात्र निर्माण होत नाही.

प्रमाणाचीही अशीच गत होते. २०१२ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठात अळंबीच्या अर्कावर १५ श्वानांचा एक आशादायक अभ्यास झाला. तो प्लीहेतील रक्तवाहिन्यांच्या कर्करोगाविषयी होता, स्तनाच्या नव्हे. आणि तुलना पूर्वीच्या नोंदींशी होती. पुढे १०१ श्वानांवरील अभ्यासात (२०२२) आयुर्मर्यादेचा अपेक्षित लाभ दिसला नाही. तरीही ‘कर्करोगावर गुणकारी’ या सामान्य विधानात रोगाचे नाव आणि श्वानांची संख्या दोन्ही लोपतात.

हा निकष प्रस्थापित वैद्यकालाही लावला पाहिजे. पहिल्या ऋतूपूर्वी वंध्यीकरण केल्यास धोका ०.५ टक्क्यावर येतो, हे १९६९ च्या अभ्यासातील विधान सिद्धांतासारखे उद्धृत होते. २०१२ च्या एका साकल्याने केलेल्या समीक्षेने मात्र त्यामागील एकूण पुरावा दुर्बळ ठरविला.

वेदनाशमन, अन्नावरील वासना, शस्त्रक्रियेनंतरचे स्वास्थ्य या मर्यादित हेतूंसाठी एखादा उपचार योजला, त्याचा परिणाम मोजला आणि मूळ उपचाराला विलंब होऊ दिला नाही, तर ‘पूरक’ हे विशेषण सार्थ होईल. रोग्याला स्वतःची व्यथा सांगता येत नाही, तेथे ‘मदत होते’ या कर्तृहीन वाक्याने समाधान मानणे युक्त नव्हे. कशाची, कोणाला आणि किती, हे त्या वाक्याने सांगितलेच पाहिजे.