स्वस्त, पण तीनच खिडक्यांची

संगणकप्रणालीची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ खर्च येत नाही. म्हणून गरीब देशांत ती कमी किमतीत विकली, तर त्यात आम्हांला काही गैर वाटत नाही. प्रश्न आहे तो स्वस्ताईच्या अटींचा.

२००३ मध्ये थायलंड सरकारने लिनक्स असलेले स्वस्त संगणक लोकांपुढे आणले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला तिथे किंमत उतरवावी लागली. २००४ मध्ये कंपनीने थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया यांसाठी ‘विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन’ जाहीर केली. २००५ मध्ये ती हिंदीतून भारतात आली. तीत एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालत. घरातले दोन संगणक जोडता येत नसत.

ही प्रणाली नवशिक्यांसाठी आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पण नवशिका कायम नवशिका राहत नाही, हे शिक्षकांना सांगायला नको. शिवाय चौथा प्रोग्रॅम यंत्राला जड जात होता असेही नाही. तो अडवण्याची मुद्दाम तजवीज केलेली होती. ‘विंडोज ७ स्टार्टर’मधून ही अट २००९ मध्ये, विक्रीपूर्वीच, काढून टाकण्यात आली. म्हणजे ती अपरिहार्य नव्हतीच.

किंमत कमी करताना वस्तूतले नेमके काय कमी केले, हे विचारायची सवय आपण विद्यार्थ्यांना लावली पाहिजे.