ताउलचा निळा

ताउल गावाआधी मनोरा दिसतो. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात, पिरेनीज पर्वतातल्या बोई खोऱ्यात साधारण १५०० मीटर उंचीवर हे गाव आहे. पाटीच्या दगडाची उतरती छपरं, जाड भिंतींची घरं, आणि गावाच्या खालच्या अंगाला सान क्लिमेंतचं चर्च. भक्कम पायावर सहा मजले चढवलेला त्याचा चौकोनी घंटामिनार जड मात्र वाटत नाही. मजल्यामजल्याला भिंतीतच उठवलेल्या छोट्या बंद कमानींची ओळ आहे आणि खिडक्यांमधून पलीकडचं आभाळ दिसतं. ही बांधणी इटलीतल्या लोंबार्डीकडून आलेली.

आत एका खांबावर रंगवलेला लेख सांगतो, की १० डिसेंबर ११२३ रोजी रोडा-बार्बास्त्रोचे बिशप रामोन यांनी हे चर्च देवाला अर्पण केलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातल्या सांता मारियाचंही अर्पण केलं. ऐन डिसेंबरात, एवढ्याशा गावात, दोन दिवसांत दोन चर्चं! त्या थंडीतली लगबग मनात आणल्याशिवाय मला या लेखापुढून हलता येत नाही.

पण ज्यासाठी लोक इथवर चढून येतात, ते चित्र इथे नाही. मधल्या गाभाऱ्याच्या अर्धघुमटावर सिंहासनस्थ ख्रिस्त होता. १९१९ ते १९२३ या काळात खोऱ्यातली भित्तिचित्रं उतरवून बार्सिलोनाला नेली गेली. कारण खरं होतं: कॅटलोनियातल्याच मूर इथली चित्रं विकली जाऊन बोस्टनच्या वाटेला लागली होती. इटालियन कारागिरांनी चित्रावर सरसाने कापड चिकटवलं, ते वाळल्यावर रंगाचा पातळ थर कापडासकट ओढून काढला आणि गुंडाळ्या करून डोंगराखाली नेला. योगायोग असा, की साधारण त्याच वर्षांत चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन निजामाच्या बोलावण्यावरून अजिंठ्यात काम करत होते. तिथली चित्रं भिंतीवरच राहिली, पण त्यांनी चढवलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडलं. जपणुकीची किंमत दोन्हीकडे मोजावी लागली.

बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात गाभाऱ्याचा मूळ बाक नव्याने उभारून चित्र त्यावर बसवलं आहे. हा बाक हवाच होता, कारण चित्र त्यावर बेतलेलं आहे. सपाट छायाचित्रात ताठ वाटणारा ख्रिस्त इथे वरून किंचित पुढे झुकतो आणि आपण खाली उभे असतो. भुवया आणि नाक जणू हात न उचलता काढलेल्या एकाच रेषेत आहेत. मधोमध भांग, खांद्यावर उतरलेल्या बटा, गालांवर लाल ठिपके. चेहऱ्याचे दोन अर्धे भाग तोलून मापून जुळवलेले आहेत, तरी तो निर्जीव होत नाही. डोळे तसं होऊ देत नाहीत. दोन्ही बाजूंना आल्फा आणि ओमेगा ही अक्षरं टांगत्या दिव्यांसारखी लोंबतात.

आणि तो निळा! दूरदेशीचं महागडं लाजवर्द इथे कुठून परवडणार? हा निळा एरिनाइट नावाच्या खनिजाचा, पिरेनीजमध्येच सापडणारा. थोडा राखाडी, थोडा थंड, पाऊस येण्याआधी डोंगरावर असतो तसा. देवाचं वस्त्र गावच्या डोंगरातून निघालं, हे मला या चित्रातलं सर्वांत मोठं ऐश्वर्य वाटतं.

एवढ्या भव्यतेत चित्रकार मोकळेपणाही विसरत नाही. एका वर्तुळात देवदूताने बैलाची शेपटी चक्क मुठीत धरली आहे, दुसऱ्यात सिंहाचा मागचा पाय. कमानीच्या आतल्या अंगाला बायबलच्या गोष्टीतला, श्रीमंताच्या दारात पडलेला लाझारस आहे आणि एक कुत्रा त्याच्या जखमा चाटतो आहे. ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर जी ठाम रेषा, तीच कुत्र्याच्या पाठीवर. ‘ताउलचा उस्ताद’ याच नावाने जग ओळखतं अशा या चित्रकाराने दोघांना सारखंच मन लावून काढलं आहे.

मग ताउलला जायचं कशासाठी? ख्रिस्ताच्या डाव्या हातात उघडं पुस्तक आहे. त्यावरच्या लॅटिन शब्दांत तो स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. त्याच्या पायांखाली, मेरी आणि संत योहान यांच्या मधोमध, भिंतीला एक अरुंद खिडकी आहे, पूर्वेकडे उघडणारी. सकाळच्या प्रार्थनेला जमलेल्या गुराख्यांना ती अक्षरं वाचता येत नसतील. पण त्या शब्दांखालून ऊन आत येताना त्यांना दिसत होतं. चित्र, शब्द आणि सूर्य यांची ही सांगड संग्रहालयात पोचलेली नाही. ती ताउलच्या भिंतीतच राहिली.

पूर्वी इथे चित्राची नक्कल होती, ती २०१३ मध्ये काढली. आता उघड्या भिंतीवर प्रकाशझोताने चित्र पुन्हा उमटवतात: आधी रेघा, मग रंग, शेवटी चेहरा. मी ते पाहिलं आणि आवडलंही. पण झोत मालवल्यावर मी बाकावर बसूनच राहिले. चुन्याच्या भिंतीवर मूळ रंगाचे थोडे तुकडे उरले होते आणि खाली खिडकीत सकाळ होती.