गणवेशानंतरचा अधिकार : राल्फ पीटर्स यांच्या दूरचित्रवाणी भाष्याची चिकित्सा

प्रस्तावना

युद्ध सुरू झाले की वृत्तवाहिन्यांना निवृत्त सैन्याधिकाऱ्यांची निकड भासते. नकाशासमोर उभे राहून सैन्याच्या हालचाली समजावून सांगणारा हा भाष्यकार रूढ अर्थाने पत्रकार नसतो, तसेच शासनाचा अधिकृत प्रवक्ताही नसतो. प्रेक्षक त्याच्यावर विश्वास ठेवतो तो मुख्यत्वे त्याच्या नावामागील हुद्द्यामुळे. या विश्वासाचा उपयोग कसा करून घेतला जातो, हे एप्रिल २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले. डेव्हिड बार्स्टो यांच्या त्या वृत्तानुसार पेंटॅगॉनने ७५हून अधिक निवृत्त अधिकाऱ्यांमार्फत इराक युद्धाची आपली बाजू वाहिन्यांवरून मांडण्याची योजना राबविली होती. त्यांपैकी अनेकांचे संरक्षण क्षेत्रातील कंत्राटदारांशी आर्थिक संबंध होते. या शोधपत्रकारितेस २००९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आर्थिक हितसंबंधांचा दोष एकदा उघडकीस आला की ओळखणे सोपे असते. परंतु ज्याचा अभ्यास खरा आहे आणि ज्याची निष्ठा प्रामाणिक आहे, अशा सैनिकाच्या ज्ञानाचे पडद्यावर काय होते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. अमेरिकी सैन्यातील निवृत्त लेफ्टनंट कर्नल राल्फ पीटर्स यांच्या कारकिर्दीच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

सैनिक आणि लेखक

पीटर्स यांचा जन्म १९५२ सालचा. १९७६ साली ते साधे शिपाई म्हणून सैन्यात भरती झाले आणि १९८० साली अधिकारी झाले. त्यांच्या सेवेचा मोठा भाग लष्करी गुप्तवार्ता विभागात गेला आणि सोव्हिएत संघ व त्यानंतरचा रशिया हे त्यांच्या विशेष अभ्यासाचे क्षेत्र बनले. १९९८ साली ते निवृत्त झाले.

सेवेत असतानाच त्यांनी लेखनास प्रारंभ केला होता. १९८९ साली प्रसिद्ध झालेली ‘रेड आर्मी’ ही त्यांची कादंबरी या दृष्टीने महत्त्वाची आहे. युरोपातील एका काल्पनिक युद्धाची ही कथा संपूर्णपणे सोव्हिएत सैनिकांच्या दृष्टिकोनातून सांगितलेली आहे. शीतयुद्धाच्या काळात एका अमेरिकी अधिकाऱ्याने प्रतिपक्षाच्या सैनिकाचे मन समजून घेण्याचा असा प्रयत्न करावा, ही लक्षणीय गोष्ट होय. पुढे अमेरिकी यादवी युद्धावरील ‘केन ॲट गेटिसबर्ग’ (२०१२) या कादंबरीस डब्ल्यू. वाय. बॉइड पुरस्कार मिळाला.

त्यांचे वैचारिक लेखन मात्र अधिक आक्रमक आहे. जून २००६ मध्ये ‘आर्म्ड फोर्सेस जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लड बॉर्डर्स’ या लेखात त्यांनी पश्चिम आशियाच्या सीमा वांशिक व धार्मिक आधारावर नव्याने आखून दाखविल्या. त्या नकाशात स्वतंत्र कुर्दिस्तान होते, स्वतंत्र बलुचिस्तान होते आणि पाकिस्तानचे क्षेत्र बरेच आक्रसलेले होते. या नकाशावर तुर्कस्तानात तीव्र प्रतिक्रिया उमटली. लक्षावधी लोकांच्या स्थलांतराचा आणि रक्तपाताचा प्रश्न रेषा ओढून सुटतो काय, ही शंका या लेखाबद्दल घेता येते. तरीही तेथे एक विधान होते आणि त्यामागे युक्तिवाद होता. त्यामुळे त्याचे खंडनही शक्य होते.

लेखनाच्या माध्यमाने पीटर्स यांना आणखी एक संधी दिली, ती म्हणजे मतपरिवर्तनाची. ते इराक युद्धाचे समर्थक होते. मार्च २००६ मध्ये बगदादहून लिहिताना त्यांनी तेथे यादवी युद्ध पेटल्याच्या वार्तांची खिल्ली उडविली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘यूएसए टुडे’तील लेखात मात्र इराकबाबतची आपली आशा मावळल्याचे त्यांनी लिहिले. आठ महिन्यांच्या आत घडलेला हा बदल उशिराचा असेल, परंतु तो जाहीर आहे आणि कारणांसहित आहे.

पडद्यावरील भाष्यकार

फॉक्स न्यूज या वाहिनीवर पीटर्स सुमारे दहा वर्षे सामरिक विश्लेषक होते. या काळातील त्यांची जी वक्तव्ये सर्वाधिक गाजली, त्यांत विश्लेषणाचा अंश फारच अल्प आढळतो. जुलै २००९ मध्ये बो बर्गडाल हा अमेरिकी सैनिक तालिबानच्या कैदेत होता. तो स्वतःहून तळ सोडून गेला असेल तर तालिबाननेच आपला न्यायालयीन खर्च वाचवावा, अशा आशयाचे उद्गार पीटर्स यांनी काढले. चौकशी पूर्ण होण्यापूर्वी, शत्रूच्या ताब्यातील आपल्याच सैनिकाविषयी निवृत्त अधिकाऱ्याने असे बोलावे, याचा माजी सैनिक असलेल्या लोकप्रतिनिधींनीही निषेध केला. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्याविषयी थेट प्रक्षेपणात असभ्य शब्द वापरल्याने वाहिनीने त्यांना दोन आठवड्यांसाठी निलंबित केले.

येथे एक विसंगती ध्यानात येते. ‘रेड आर्मी’मध्ये शत्रुपक्षाच्या सैनिकाचेही मन जाणू पाहणारा लेखक पडद्यावर स्वपक्षाच्या कैद्यालाही संशयाचा फायदा देत नाही. हा केवळ स्वभावदोष मानणे पुरेसे नाही. काही मिनिटांच्या चर्चेत युक्तिवादाला वाव नसतो, संतापाला मात्र असतो. पंधरा वर्षांच्या अभ्यासातून आलेले सावध मत आणि क्षणिक आवेशातून आलेले वाक्य यांच्यापुढे पडद्यावर हुद्दा एकच उमटतो. त्यामुळे दुसऱ्यालाही पहिल्याचेच वजन प्राप्त होते.

राजीनामा आणि त्याचा अर्थ

मार्च २०१८ मध्ये पीटर्स यांनी फॉक्सशी असलेला करार पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. सहकाऱ्यांना पाठविलेल्या निरोपाच्या पत्रात त्यांनी लिहिले, की एके काळी या वाहिनीचा अभिमान वाटत असे, आता लाज वाटते. रूढिवादी मतांचे एक रास्त व्यासपीठ केवळ प्रचारयंत्र बनून गेले आहे, असा त्यांचा आरोप होता. रशियाचे अभ्यासक या नात्याने पुतिन यांचा ट्रम्प यांच्यावर काहीतरी पगडा आहे, असे आपले मत त्यांनी नोंदविले. अधिकारी होताना घेतलेली राज्यघटनेची शपथ गणवेश उतरविल्याने संपत नाही, ही त्या पत्रातील भूमिका विशेष उल्लेखनीय आहे. बातमी गोळा करणाऱ्या पत्रकारांना त्यांनी या दोषातून वगळले होते, हेही नमूद केले पाहिजे.

या निर्णयास किंमत होती आणि तो धैर्याचा होता. जुलै २०१७ मध्येच रशियाच्या प्रश्नावर टकर कार्लसन यांच्याशी त्यांचा पडद्यावर उघड खटका उडाला होता. ज्या विषयात त्यांचा अधिकार सर्वांत भक्कम होता, त्याच विषयात ते आणि वाहिनीवरील लोकप्रिय सूत्रसंचालक समोरासमोर आले. वाहिनीला तज्ज्ञ हवा असतो तो तिच्या भूमिकेस दुजोरा मिळेपर्यंतच, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

तथापि, या पत्राची एक मर्यादा आहे. त्यातील मांडणीनुसार अधःपतन झाले ते वाहिनीचे. ज्या प्रचारयंत्राचा ते धिक्कार करतात, त्याला लष्करी प्रतिष्ठेचे इंधन पुरविणाऱ्यांत ते स्वतः होते. शिवाय २००९ साली एका नियतकालिकातील लेखात, भावी युद्धांत पक्षपाती माध्यमांवर लष्करी हल्ले करण्याचीही वेळ येऊ शकते, असे त्यांनी लिहिले होते. त्यांच्या लेखी पक्षपाती माध्यमे तेव्हा दुसऱ्यांची होती. ती आपण बसतो त्या खोलीतही असू शकतात, याची जाणीव त्यांना नऊ वर्षांनी झाली.

समारोप

पीटर्स यांची कारकीर्द दांभिकतेची कथा ठरत नाही, तशी ती निखळ सत्यनिष्ठेचीही ठरत नाही. रशियाविषयी बोलणारे पीटर्स आणि बर्गडालविषयी बोलणारे पीटर्स यांचा हुद्दा एक होता, परंतु अधिकार एक नव्हता. पहिल्यामागे अभ्यास होता, दुसऱ्यामागे केवळ रोष होता. हा भेद दाखविण्याची गरज वाहिनीला वाटली नाही, आणि पीटर्स यांनीही तो वेळीच केला नाही. शपथ गणवेशाबरोबर संपत नाही हे त्यांचे म्हणणे मान्य केले, तर ती शपथ पहिल्या प्रक्षेपणापासूनच लागू होती, असेही म्हणावे लागते.

भारतीय वृत्तवाहिन्यांवरही निवृत्त सैन्याधिकारी हे चर्चेतील नेहमीचे पाहुणे झाले आहेत. विद्यार्थ्यांना माध्यमांचे वाचन शिकविताना ‘हे कोण बोलत आहे’ या प्रश्नासोबत ‘या विषयावर हे कशाच्या आधारे बोलत आहेत’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे म्हणूनच आवश्यक ठरते. सैनिकाविषयीचा आदर आणि त्याच्या मताची चिकित्सा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. किंबहुना, ज्या आदराला चिकित्सेची भीती वाटते, त्याचाच वापर प्रचारासाठी सर्वांत सहजपणे होतो.