'स्वतंत्र' वृत्तपत्र : एका व्याख्येचा विचार

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील १९ व्या कलमाचा कर्ता 'व्यक्ती' आहे. विंडहूक येथे आफ्रिकी पत्रकारांच्या चर्चासत्रात १९९१ मध्ये संमत झालेल्या घोषणापत्राचा विषय 'वृत्तपत्र' होय. तेथे 'स्वतंत्र' म्हणजे शासकीय, राजकीय वा आर्थिक नियंत्रणापासून, तसेच छपाई व वितरणाच्या साधनांवरील नियंत्रणापासून मुक्त. कागद अडवूनही मुस्कटदाबी होते, हे ओळखणे ही या व्याख्येची थोरवी. तथापि मूळ इंग्रजी विशेषणाप्रमाणेच ती अभावात्मक आहे: पत्र कोणापासून मुक्त ते कळते, कोणास उत्तरदायी ते कळत नाही. २०२१ च्या विंडहूक घोषणापत्राने माहितीस लोकहिताची ठेव मानून ही उणीव अंशतः भरली. आपल्या 'स्व-तंत्र' शब्दात स्वतःचे नियमन मुळातच अभिप्रेत आहे. अनुवादकाने या भावात्मक अर्थाकडे दुर्लक्ष करू नये.