पणजीचं नाव काय?

आपल्या गावाकडच्या आठवणींच्या लेखनात पणजोबा कसे ठसठशीत उभे राहतात. सर्व्हे नंबर, फेरफार, विहीर, बैलजोडी, सगळं येतं. पणजी मात्र एका ओळीत उरकते: मोठी कष्टाळू होती.

दोष एकट्या लेखकाचा नाही, दप्तराचाही आहे. वणीत आमचं कूळ शोधायला बसलो, तर जुन्या कोतवाल बुकातल्या मोडी नोंदींत मुलापुढे बापाचं नाव. पणजोबा दोन दिवसांत सापडले, पणजी सापडेना. सापडली ती चुलत आजीच्या बोलण्यात. "आरं, ती कळवणकडची व्हती. चैत्रात गडावर यात्रा भरली का तिला माहेरची माणसं भेटायची. पायथ्याला बसून रडून घ्यायची."

हे कुठल्या उताऱ्यावर असतं?

लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या सोवळ्याचं वेडही येतं आणि त्यात घरच्या बायकांचे झालेले हालही. म्हणून त्या काळची बाई आपल्याला दिसते. ते पुस्तक आठवणीवर उभं आहे. आपण सातबाऱ्यावर उभे राहतो आणि त्यालाच घराण्याचा इतिहास म्हणतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव आलं. चांगलं झालं. पण मागच्या बायका कचेरीत मिळायच्या नाहीत. घरातल्या म्हातारीला विचारा, आणि लवकर विचारा. पणजीचं लग्नाआधीचं नाव विचारायचं माझ्याकडून राहिलं. चुलत आजी गेली.