संवेग आणि अनुबोधपट

चित्रपटाचे शिक्षण घेणारे तरुण अधूनमधून आमच्याकडे येतात. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांना एखादा लहानसा प्रायोगिक अनुबोधपट करावयाचा असतो आणि त्यासाठी प्रेरणा कोठे शोधावी, असे ते विचारतात. बहुतेकांच्या मनात एखादे दृश्य आधीच ठरलेले असते : लेण्यातील अंधार, चीवराचा रंग, मेणबत्त्यांच्या उजेडातील बुद्धमूर्ती. त्या दृश्यातून सांगावयाचे काय, हे मात्र ठरलेले नसते. या अडचणीचे मूळ प्रेरणेविषयीच्या एका चुकीच्या कल्पनेत आहे, असे आम्हांस वाटते.

पालि वाङ्मयात या संदर्भात 'संवेग' हा शब्द येतो. मन मुळापासून हादरणे आणि त्या हादऱ्यातून कृतीस प्रवृत्त होणे, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. आनंद कुमारस्वामी यांनी १९४३ साली या शब्दावर निबंध लिहून कलाकृतीपुढे जाणवणाऱ्या आघाताशी त्याचा संबंध जोडला. आघातामागून आकलन यावे लागते, हेही त्यांनी ओळखले होते. तथापि माणसास हादरविणारी वस्तू कोणती, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत दुय्यम राहतो. आमच्या दृष्टीने तोच मुख्य आहे.

सिद्धार्थाने वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी पाहिले व गृहत्याग केला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. दृश्य दिसले आणि प्रेरणा मिळाली, या समजुतीचे हे जणू आदिरूप होय. परंतु दीघनिकायातील महापदानसुत्तात ही कथा विपस्सी बुद्धाविषयी सांगितलेली आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'दि बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात तिच्यावर साधा आक्षेप घेतला : एकोणतीस वर्षांच्या माणसाने जरा, व्याधी आणि मरण त्यापूर्वी पाहिलेच नसेल काय? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेला कलह हे आहे.

अट्ठकथा हा कलह संबोधीनंतरचा मानतात, ही गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. परंतु सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात तथागत आपल्या संवेगाविषयी स्वतः बोलतात, आणि तेथे वृद्ध वा रोगी यांचा उल्लेखही नाही. अल्प पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी, परस्परविरोधात गुंतलेली माणसे पाहून भय वाटले, असा त्याचा आशय आहे. पुढे त्या माणसांच्या अंतःकरणात रुतलेले शल्य दिसले, असेही ते सांगतात. रोहिणीचे नाव तेथे नसले तरी संवेगाचे कारण मानवी कलह आहे, हे निःसंशय. धर्मानंद कोसंबी यांनीही 'भगवान बुद्ध' या ग्रंथात याच सुत्ताचा आधार घेतला. म्हणजे संवेगाच्या दोन पायऱ्या झाल्या : आधी भय, मग शल्याचा शोध.

या कसोटीवर दोन अनुबोधपट पाहू. पायल कपाडिया यांचा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१) पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील २०१५ च्या १३९ दिवसांच्या विद्यार्थी संपातून आकारास आला. जातीमुळे दुरावलेल्या प्रियकरास एका विद्यार्थिनीने लिहिलेली पत्रे आणि संपाची, निदर्शनांची प्रत्यक्ष चित्रणे यांची त्यात सांगड आहे. कृष्णधवल, दाणेदार चित्रे आणि हलका स्त्रीस्वर यांमुळे पहिली पायरी विलक्षण प्रत्ययकारी झाली आहे. परंतु पत्रे सापडली असे आरंभी सांगितले जाते; प्रत्यक्षात ती रचलेली आहेत. रचण्यास आमची हरकत नाही, जातककथाही रचलेल्याच आहेत. मात्र जातकाच्या शेवटी समोधान येते : त्या काळचा अमुक तो आजचा अमुक, असे सांगून निवेदक कथेची जबाबदारी घेतो. या पटात जात हे विरहाचे कारण म्हणून येते आणि रात्रीच्या विषादात विरून जाते. ते शल्य कोणाच्या देहात रुतले आहे, हे समोधान आम्हांस मिळत नाही.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) रूपाने तितका प्रायोगिक नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी आपल्या पूर्वीच्या अनुबोधपटात त्यांचे गाणे चित्रित केले होते. परिचिताच्या मृत्यूचा हा हादरा चौदा वर्षांच्या चित्रणापर्यंत पोहोचला. बाबासाहेबांच्या ग्रंथात शाक्य-कोलीयांचा समेट झाल्याचे कळल्यावरही सिद्धार्थ परत फिरत नाही, कारण कलहाचा प्रश्न त्या एका नदीहून मोठा आहे हे त्यास उमगलेले असते. घटना मागे पडल्यावरही प्रश्न सुटत नाही, हेच खऱ्या संवेगाचे लक्षण होय.

तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे असे. दृश्याची वही बाजूस ठेवावी. आपल्या वस्तीत, गावात, वसतिगृहात कोणता कलह चालू आहे आणि त्यात आपण कोठे उभे आहोत, हे आधी लिहून काढावे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाण्यासाठी जो संघर्ष झाला, तो स्मारकापुरता उरलेला नाही. पाणी कोण भरतो, कोणास थांबावे लागते, हे आजही पाहता येते. तेथे कॅमेरा घेऊन जाण्यापूर्वी काही दिवस कॅमेऱ्याविना उभे राहावे. चित्राचे रूप किती धीट असावे, ध्वनी आणि प्रतिमा किती तोडाव्यात, हे ते शल्य दिसल्यानंतर ठरवावे. मग प्रयोग हा केवळ अलंकार राहणार नाही. आमच्या विहारांतूनही असे पट दाखविले जावेत आणि त्यांवर निर्भीड चर्चा व्हावी, अशी आमची अपेक्षा आहे.