आईपणाची मोजपट्टी

मूल रडले की लगेच उचलावे की थोडे थांबावे, या प्रश्नावर आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी अर्धा तास सहज जातो. एका बाजूला भारतातून आलेल्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला इथली पालकत्वावरची पुस्तके. या पुस्तकांतून ‘आईची संवेदनशीलता’ असा शब्द वारंवार भेटतो, आणि जणू ती ताप मोजावा तशी मोजता येते असा त्यांचा सूर असतो. माझे शिक्षण अभियांत्रिकीचे. त्यामुळे कोणी आकडा सांगितला की तो कोणत्या उपकरणाने घेतला, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

उपकरण मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंचे. १९५४-५५ मध्ये त्यांनी युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांत जाऊन आया आणि तान्ही मुले पाहिली. पुढे १९६० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये आणखी २६ कुटुंबे. दर तीन आठवड्यांनी एक भेट, भेट सुमारे चार तासांची, मूल वर्षाचे होईपर्यंत! बाळाची खूण आईला दिसते का, तिचा अर्थ नीट कळतो का, आणि ती वेळेवर व योग्य प्रतिसाद देते का, यावर नऊपैकी गुण. जोडीला प्रयोगशाळेतली वीसएक मिनिटांची चाचणी: अनोळखी खोली, अनोळखी बाई, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते, ती परतल्यावर मूल काय करते ते पाहायचे.

बाईंच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण पुढे जगभर गेली ती वीस मिनिटांची चाचणी. घरातले सत्तर तास बहुतेकांनी मागेच ठेवले. जर्मनीत बीलेफेल्ड येथे जवळजवळ निम्मी मुले परतलेल्या आईला टाळणारी निघाली. जपानमध्ये साप्पोरो येथे तशी एकही नाही, उलट आई परतली तरी न शांतवणारी पुष्कळ. म्हणजे जर्मन आया कोरड्या आणि जपानी आया गोंधळलेल्या? की जे जर्मन मूल लवकर स्वावलंबी व्हावे म्हणून वाढवले आणि जे जपानी मूल आईच्या अंगाखांद्यावरून फारसे उतरलेच नाही, त्यांच्यासाठी ती खोली सारखी ‘अनोळखी’ नव्हती? मला दुसरे पटते. वजनकाटा वेगवेगळ्या उतारांवर ठेवला, तर त्याचे आकडे एका तक्त्यात लिहू नयेत.

१९८८ मध्ये व्हान आयझेंडोर्न आणि क्रोननबर्ग यांनी आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र केले. एकाच देशातील फरक देशादेशांतील फरकाच्या दीडपट निघाला. ‘आपल्याकडच्या आया’ आणि ‘इथल्या आया’ अशी सरसकट भाषा करणाऱ्यांनी (आपल्यात ते कमी नाहीत) हे ध्यानात घ्यावे. मात्र त्या ३२ पैकी १८ अभ्यास अमेरिकेतले होते आणि आठ देशांत भारत नव्हता. १९९७ च्या आणखी एका संकलनात आईची संवेदनशीलता आणि मुलाची सुरक्षित जवळीक यांचा सहसंबंध ०.२४ आला. वर्ग केला की सुमारे सहा टक्के. नाते खरे आहे, पण एवढ्यावर कोणत्या आईने रात्रीची झोप घालवावी?

माझा मुख्य आक्षेप मात्र व्याख्येवर आहे. खूण आधी, प्रतिसाद नंतर, असा तिचा क्रम. आपल्याकडची अनुभवी बाई बाळ रडायची वाट पाहत नाही. टाळूला तेल, पायांवर घेऊन अंघोळ, धुरी, दूध, झोप हे सारे मागणीच्या आधीच चाललेले असते. ज्या घरात खूण उमटण्यापूर्वीच काम होते, तिथे गुण कशाला द्यायचे?

पण हेच शस्त्र आपल्यावरही उलटते, आणि ते उलटावे. चिऊचा घास, काऊचा घास करत आपण वाटी घेऊन मुलामागे घरभर फिरतो. मूल तोंड फिरवते, ओठ मिटते. तरी ‘एवढा एकच’ म्हणून मऊ भात आत जातोच. एन्सवर्थबाईंनी याला कमी गुण दिले असते आणि मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. तोंड फिरवणे हीसुद्धा खूणच आहे, ती कोणत्याही संस्कृतीत वाचता येते. २०१६ मध्ये १५ देशांतील आयांना आदर्श आई कशी असते हे विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे तज्ज्ञांच्या संवेदनशील आईशी बरीच जुळली. तेव्हा ‘आमची संस्कृती वेगळी’ ही सबब सगळीकडे चालणार नाही.

मोजपट्टीत नसलेली एक व्यक्ती आपल्या घरांत मात्र नक्की असते. आजी येते, व्हिसाच्या हिशेबाने बहुधा सहा महिन्यांसाठी. आई नोकरीवर परतते. न्हाऊमाखू, जेवण, दुपारची झोप आजीकडे. रडण्याचा अर्थ आधी तिलाच कळतो. मग एक दिवस ती परत जाते. त्या चाचणीत आई तीन मिनिटांसाठी बाहेर जाते. इथे जिच्या कुशीत मूल झोपत होते ती कधी वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ दिसत नाही. पुढचे काही आठवडे मूल चिडचिडे झाले, आईने घेतले तरी शांत होईना, की डेकेअरमधल्या बाई आईकडे पाहतात आणि आई स्वतःकडे. प्रवेशअर्जावर मुलाला सांभाळणाऱ्यांसाठी बहुधा दोनच ओळी असतात, आई आणि वडील. तिसरी ओळ आपण हाताने लिहावी, आजी कोणत्या तारखेला आली आणि कोणत्या तारखेला गेली, यासह.